कार्ताहेनातला सोळावा सोमवार

"आज मी राजा आहे," घड्याळाच्या पिवळ्या मनोऱ्याखाली उभं राहून हे म्हणाले. "बायको बरोबर आहे आणि ती बोलत नाही. त्यात उपास, म्हणजे काही मागणारही नाही. असा योग कुणाच्या पत्रिकेत असतो, सांग बरं?"

मी डोळे मोठे केले. सूर्यास्तापर्यंत मला तेवढंच करता येत होतं.

"आणि रागावली तरी आवाज नाही!" हे हसले आणि कमानीतून पुढे चालू लागले. मी स्टीलचा डबा पदराखाली धरून त्यांच्या मागोमाग निघाले.

त्या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. आमचं जहाज कोलंबियातल्या कार्ताहेना बंदराला दोन दिवसांसाठी लागलं होतं. हे जहाजावर चीफ इंजिनियर, आणि मी त्या खेपेला पाच महिने त्यांच्याबरोबर होते. त्यांनी हे बंदर आधी पाच-सहा वेळा पाहिलं होतं. स्पॅनिश लोकांनी बांधलेलं जुनं गाव, भोवती दगडी तट आणि तटाला लागून समुद्र. "तुला गाव दाखवतो," असं हे रॉटरडॅमपासून म्हणत होते. नेमका सोमवार निघाला, आणि तोही माझा सोळावा.

माझे सोळा सोमवार मौनाचे होते. उजाडल्यापासून सूर्य बुडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लिहूनही सांगायचं नाही, कारण लिहिणं म्हणजे बोलणंच. खुणा तेवढ्या चालतात. मला व्रत देणाऱ्या आत्याबाईंनी बजावलं होतं, "शालन, एक शब्द जरी गेला ना, तरी पुन्हा पहिल्या सोमवारपासून. देवाला अर्धवट काही देऊ नये." श्रावणात देवरुखला घरी सुरू केलेलं व्रत मी सहाव्या सोमवारी जहाजावर आणलं होतं. पंधरा सोमवार निर्विघ्न पार पडले होते.

मागणं एकच होतं. यांनी आता समुद्र सोडावा आणि घरी यावं.

ते मी आधी यांच्याकडेच मागून पाहिलं होतं. रोज रात्री दिवा मालवला की मी म्हणायची, "अहो, आता पुरे झालं ना? घरी चला ना." आणि हे अंधारातून म्हणायचे, "हो, हो." सहा महिन्यांनी पुन्हा नव्या जहाजाच्या कागदावर सही. मी रागावले नाही कधी. आमच्या घरात बायकांचा आवाज माजघराच्या उंबऱ्याबाहेर जात नसे, आणि नवऱ्याला एकच गोष्ट दोनदा सांगणं म्हणजे भांडण समजत. मी तर रोज सांगत होते. तेव्हा म्हटलं, जिथं सांगून उपयोग होतो तिथं सांगावं. म्हणून महादेव.

आणि आत्ता यांच्या टेबलाच्या खणात आणखी एका जहाजाचा कागद पडून होता. सही तेवढी बाकी होती.

एरवी मात्र माझ्या नवऱ्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. उलट देवरुखात बायका माझा हेवा करत. "मोरूभाऊजी कशाला म्हणून नाही म्हणत नाहीत," असं म्हणत. खरंच होतं ते. पडदे बदलू का? हो. माहेरी जाऊ का? हो. आमच्या अनघानं कॉलेजला जाताना पाठमोऱ्या बापाला स्कूटर मागितली, हे म्हणाले, हो हो. स्कूटर दारात आली तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य यांनाच वाटलेलं दिसलं! आणि कारलं. "आज कारलं करू का?" म्हटलं की दरवेळी हो. इतकं आवडतं म्हणून मी कारल्याच्या वाळवलेल्या काचऱ्या दोन किलो बांधून जहाजावर नेल्या होत्या.

तर त्या दुपारी आम्ही गाव पाहत होतो ते एका गाईच्या शोधात.

झालं असं, की सकाळी जहाजावरच्या इनास कुकनं मला तासभर त्याचं स्वयंपाकघर दिलं होतं. तिथं मी कणीक, तूप आणि गुळाचा चुरमा केला होता. आमच्याकडे त्याचे तीन भाग करतात. एक देवळात, एक गाईला, एक घरच्यांना. डब्यात तीन पुड्या होत्या.

"देऊळ मी दाखवतो," हे म्हणाले. "देव कुठला का असेना, तुझा महादेव काही भांडायला येत नाही. पण गाय? शालू, या गावात गाय फक्त ताटात मिळते."

मी कानांवर हात ठेवले.

"बरं, बरं. शोधू. तटाच्या आत नाही मिळाली तर बाहेर जाऊ, बाहेर नाही मिळाली तर बोट दोन दिवस थांबवू. कॅप्टनला सांगेन, मिसेसना गाय हवीय."

कमानीच्या आत तिकोनी चौक होता. "इथं माणसांचा बाजार भरायचा," हे जरा गंभीर होऊन म्हणाले. "आफ्रिकेतून आणलेली माणसं इथं उभी करून विकायचे." आता तिथं फुगेवाला उभा होता. चौकाच्या एका बाजूला लांबच लांब कमानी होत्या, आणि कमानींखाली ओळीनं मिठाईवाल्या बसल्या होत्या. काचेच्या मोठाल्या बरण्यांत नारळाच्या वड्या, पपईच्या वड्या, आणि साखरेत घोळवलेल्या चिंचेच्या गोळ्यासुद्धा! मला एकदम माहेरच्या जत्रेत आल्यासारखं वाटलं.

"ही माझी जुनी ओळख," म्हणत हे एका बाईपाशी थांबले. काळी, ठसठशीत, साठीची बाई. डोक्याला पिवळं फडकं. तिनं यांना पाहिलं मात्र, उठली, यांच्या दोन्ही खांद्यांना धरून यांना आपल्याकडे वळवलं आणि मोठ्ठं तोंड उघडून, एकेक शब्द चावत बोलायला लागली.

मी पाहतच राहिले. परक्या बाईनं माझ्या नवऱ्याला असं धरून वळवावं! बावीस वर्षांत मी चारचौघांत यांच्या सदऱ्याला हात लावलेला नव्हता.

"फेलिसा नाव हिचं," हे म्हणाले. यांचे कान लाल झाले होते. "तू कोण म्हणून विचारतेय."

यांनी तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. ती माझ्याकडे वळली आणि चार प्रश्न एकदम विचारले. मी ओठांवर बोट ठेवलं, आभाळाकडे दाखवलं आणि हात जोडले. तिला वाटलं, माझी वाचाच नाही. क्षणभर चेहरा पडला तिचा. मग काय सुचलं कोण जाणे, तिनं यांच्या कानाला बोट लावलं, माझ्या तोंडाला लावलं, दोन्ही तर्जन्या एकमेकींना जुळवल्या आणि पोट धरून हसत सुटली. शेजारच्या दोघीही हसल्या.

मला अर्थ उघड दिसला. यांचा कान माझ्या तोंडाशी जुळलेला आहे, म्हणजे हे बायकोचं ऐकतात. इथपर्यंत कीर्ती पोचली होती म्हणायची! मी मनातून सुखावले, आणि खांदे धरल्याबद्दल तिला माफसुद्धा केलं.

मी यांना खुणेनं विचारलं, काय म्हणाली?

"काही नाही," हे म्हणाले. "जोडा शोभतो म्हणते." आणि घाईघाईनं चार नारळाच्या वड्या घेऊन माझ्या डब्यात टाकल्या. "सूर्यास्तानंतर खा. चल."

पुढचा तास फार सुंदर गेला. गल्ल्या अरुंद, दोन्हीकडे हळदी, गेरूच्या, निळ्या रंगाची घरं, लाकडी सज्जे आणि त्यांवरून बोगनवेल खाली आलेली. दारं एवढी उंच, की हत्तीवरून वरात थेट आत जावी. प्रत्येक दारावर पितळेची कडी. कुठं सिंह, कुठं सरडा, कुठं मासा.

"सिंह असला तर घर फौजेतल्या माणसाचं," हे सांगत होते. "सरडा म्हणजे घरंदाज, राजाच्या नात्यातला. आणि मासा म्हणजे आमच्यासारखा, समुद्रावरचा." त्यांनी माशाची कडी हातात घेतली, दोनदा आपटली आणि दुसरा तळवा दारावर सपाट ठेवून उभे राहिले. दाराला ताप आलाय का बघावं तसे. मशीनवाल्या माणसाची सवय ही. घरी पाण्याच्या पंपालासुद्धा हे असाच हात लावून बघत.

आतून कुणीतरी बाई "कोण?" अशा स्वरात ओरडली. हे तसेच उभे. मी हाताला धरून ओढलं.

"अगं, काय झालं?" म्हणाले. "घरात कुणी नाहीये."

मला वाटलं, चावटपणा. पोरांसारखी दारं वाजवायची आणि भोळेपणाचा आव आणायचा! मी खुणेनंच रागावले आणि पळवतच यांना पुढच्या कोपऱ्यापर्यंत आणलं.

कोपऱ्यावर चर्च होतं. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इथल्या एका साधूनं त्या बाजारातल्या माणसांची जन्मभर सेवा केली होती म्हणे. आत चौकोनी अंगण, मधे झाडं, एका बाजूला विहीर. मी विहिरीच्या कट्ट्यावर बसून जपाची माळ ओढली. मन कसं अगदी शांत झालं. निघताना दारावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराच्या हातावर देवळाची पुडी ठेवली. त्यानं वास घेतला, छातीवर खूण केली आणि उभ्या उभ्या खाऊन टाकला चुरमा. बोटंही चाटली.

"एक भाग पोचला," हे म्हणाले. "आता राहिली गोमाता."

तेवढ्यात डोक्यावरची घंटा वाजायला लागली. काय आवाज होता! दगडसुद्धा थरारत होते. चौकातली कबुतरं एकदम उडाली. घंटा ऐकली की माझे हात आपोआप जोडले जातात; मी डोळे मिटून उभी राहिले. उघडले तर हे माझ्याकडे बघत होते.

"आता इथं रस्त्यात कुठला देव दिसला तुला?"

हाही मला विनोदच वाटला. बरा होता, म्हणून मी हसलेसुद्धा.

ऊन उतरायला लागलं तशा चौकात घोडागाड्या येऊन उभ्या राहू लागल्या. संध्याकाळी पाहुण्यांना फिरवून आणणाऱ्या, मेण्यासारख्या काळ्या गाड्या. हे एका पांढऱ्या घोड्यापाशी थांबून मला म्हणाले, "हा चालेल का? चार पाय आहेत, शेपूट आहे, गवत खातो. रंगही गाईचाच."

मी ठाम मान हलवली. व्रत म्हणजे काय भाजी आहे, वांगं नाही तर बटाटा?

"कडक आहेस बाई," हे त्या घोड्याला म्हणाले.

तिथून आम्ही तटाच्या दिशेनं जाणाऱ्या एका गल्लीत शिरलो. गल्ली एवढी अरुंद, की गाडी आली तर माणसानं भिंतीला चिकटावं. तिथं एका घराच्या सज्ज्याचं कोरीवकाम यांना फार आवडलं. हे गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि मान वर करून बघायला लागले. "शालू, हे सांधे बघ! एक खिळा नाही." मला समोरच्या दारावर गाईचं तोंड असलेली कडी दिसल्याचा भास झाला, म्हणून मी पलीकडे गेले. जवळून पाहिलं तर सिंहच होता, झिजलेला. मी मागं वळले.

त्याच वेळी वरच्या वळणावरून गाडी आली. गल्लीला उतार होता. तोच पांढरा घोडा, आणि तो भरधाव येत होता. गाडीवान लगाम खेचत होता, पायाखालची घंटा बडवत होता, ओरडत होता. दगडांवर टापांचा नुसता कडकडाट झाला होता. आणि हे पाठमोरे, मान वर करून सज्जा बघत होते.

सरतील, असं मला वाटलं. आत्ता सरतील. कुणीही सरला असता.

हे सरले नाहीत.

"अहो!" मी ओरडले.

हे वर बघत होते.

"अहो, मागं!... मोरेश्वर! मोरेश्वर!"

बावीस वर्षांत ते नाव मी फक्त उखाण्यात घेतलं होतं. माझ्या गळ्यातून तसा आवाज निघू शकतो हे मलाच ठाऊक नव्हतं. वरच्या सज्ज्यांतून तीन बायका वाकून बघायला लागल्या. एका दुकानातून न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. सगळी गल्ली माझ्याकडे वळली, घोड्यानंसुद्धा कान टवकारले. वळले नाहीत ते एकटे मोरेश्वर.

गाडीवानानं मागं झुकून, जोर लावून घोडा आवरला. घोड्याचे पुढचे पाय दगडांवर घसरत आले आणि त्याचं नाक यांच्या खांद्याला टेकलं. ऊन श्वास मानेवर आला तेव्हा कुठं यांनी वळून पाहिलं.

"अरे! तू होय?" हे घोड्याला म्हणाले आणि त्याच्या कपाळावर थोपटायला लागले.

गाडीवान तोंडाला येईल ते बोलत होता. हे त्याच्याकडे बघून "हो, हो," अशी मान हलवत होते. तीच मान आणि तेच हसू. मी ते हो-हो वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते कळलं.

हे माझ्यापाशी आले. "घाबरलीस? चेहरा बघ कसा पांढरा पडलाय. काही झालं नाही गं. चाहूलच लागली नाही, लाकडात जीव अडकला होता माझा." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "पण शाबास! एवढं झालं तरी तोंडातून शब्द नाही काढलास. सोळावा सोमवार सुखरूप."

मी मान खाली घातली. डब्यातून दुसरी पुडी काढली आणि त्या पांढऱ्या घोड्यासमोर धरली. तो घामानं ओला झाला होता, थरथरत होता. ऐन वेळी ज्यानं पाय रोवले त्याला गाईचा भाग देताना मला अजिबात शंका आली नाही.

"आता कसा चालला?" हे म्हणाले.

मी उत्तर दिलं नाही. त्यांना वाटलं, मौन आहे.

तटावर चढून गेलो तेव्हा सूर्य समुद्रापासून हातभर वर होता. जुन्या तोफा समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या. हे एका तोफेशेजारी दगडावर बसले, मी मागं उभी राहिले. माझं व्रत मोडलेलंच होतं. आता आणखी काय मोडणार होतं?

"अहो," मी नेहमीच्या आवाजात म्हणाले.

काही नाही.

"अहो, पाणी द्या ना जरा."

हे समुद्राकडे बघत होते. मी एक पाऊल पुढे झाले, त्यांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर. आणि रोज दिवा मालवल्यावर जे म्हणत होते, तेच त्याच आवाजात म्हणाले. "आता पुरे झालं ना? घरी चला ना."

यांनी हात वर केला. मला वाटलं, ऐकलं.

"तो बघ, तो बघ!" हे म्हणाले. "पक्षी बघ कसा दगडासारखा पडला पाण्यात! मासा मिळाला वाटतं."

मी तोंडात पदर धरला. रडायला येत होतं की हसायला, ते आजही नक्की सांगता यायचं नाही. सूर्य बुडेपर्यंत मी तशीच उभी राहिले. मग समोर जाऊन बसले.

"बुडाला!" हे म्हणाले. "सुटलं मौन. बोल आता. सोळा सोमवारांचं साठलेलं बोल."

मी तोंड उघडून, फेलिसाबाईसारखा एकेक शब्द चावून म्हणाले, "तुम्हाला ऐकू येत नाही."

यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. हसू तसंच राहिलं, पण हळूहळू ते रिकामं झालं.

"कुणी सांगितलं?"

"घोड्यानं."

यांनी शेजारच्या तोफेवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "डावा पार गेलाय. उजवा थोडा आहे. आठ-नऊ वर्षं झाली."

"आणि दरवर्षी डॉक्टर पास करतात ते?"

"ती कान तपासणारी मुलगी काचेपलीकडे बसते. बटण दाबताना तिचा खांदा हलतो. खांदा हलला की मी हात वर करतो." त्यांना स्वतःलाच हसू आलं. "इंजिनरूममध्ये कळत नाही कुणाला. त्या आवाजात सगळेच बहिरे; सगळे खुणांनीच बोलतात. मशीनला हात लावला की मला समजतं त्याचं काय दुखतंय. कठीण जातं ते घरी आल्यावर. तू बोलतेस ते असं, की ओठसुद्धा धड हलत नाहीत."

"म्हणून सगळ्याला हो?"

"नाही म्हणून भांडण ओढवून घ्यायचं, तर निदान कशाला नाही म्हणतोय ते तरी कळायला हवं ना!" मग म्हणाले, "खरं सांगू? मला तुझे सोमवार आवडतात. त्या दिवशी तू मला जे सांगतेस ते सगळं कळतं."

हे ऐकून माझे डोळे भरून आले. पण मला विचारायचं होतं ते राहिलं होतं.

"रोज रात्री दिवा मालवल्यावर मी काय म्हणते, ठाऊक आहे?"

"जप करतेस ना? काहीतरी पुटपुटतेस ते जाणवतं. संपलं असं वाटलं की मी हो, हो म्हणतो. देवाच्या कामात आपलाही हातभार."

"मी म्हणते, आता पुरे. घरी चला."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "रोज?"

"रोज."

"आणि हे सोळा सोमवार कशासाठी होते?"

"त्याच्यासाठीच."

"शालू," हे म्हणाले, "देवाला सोळा वेळा मौनानं सांगितलंस. मला एकदा ओरडून सांगायचं होतंस गं."

मी म्हटलं, "ओरडले की. आजच ओरडले. नाव घेऊन ओरडले. सगळ्या गल्लीनं ऐकलं, फक्त तुम्ही सोडून."

तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे व्रत मोडलं?"

मी मान हलवली.

"छे! मोडलं कसं? मी काही ऐकलं नाही. मी साक्षीला उभा राहीन."

"बहिऱ्याची साक्ष महादेव घेत नाही."

हे मोठ्यानं हसले. हसता हसता थांबले आणि हातांकडे बघत म्हणाले, "परवा खाली तेलाचा अलार्म वाजत होता. मला त्याचा दिवा लुकलुकताना दिसला म्हणून कळलं. दिवा गेलेला असता तर खाली चार माणसं होती. तेव्हापासून तो कागद खणात पडून आहे. सही करायला हात धजत नाही, आणि सांगायला तोंड उघडत नाही. ऐकू येत नाही म्हटलं की उद्या घरी बसवतील. घरी बसून मी करू काय? तिथं कुठल्या मशीनला हात लावू?"

मी तिसरी पुडी उघडली, घरच्यांची. अर्धा चुरमा त्यांच्या तळव्यावर ठेवला, अर्धा मी घेतला, आणि फेलिसाबाईची एक नारळाची वडी खाऊन सोमवार सोडला.

"घरी पंप आहे," मी म्हणाले. यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. शेजारच्या तोफेवर बसलेलं जोडपं दचकलं. "पंप आहे घरी! वर्षभर बंद पडलाय!"

"ऐकलं, ऐकलं," हे म्हणाले. "हळू बोल. लोक बघतायत."

बोटीवर परतल्यावर हे कपडेही न बदलता कॅप्टनकडे गेले. काय बोलले ते मी विचारलं नाही. खणातला कागद मात्र दुसऱ्या दिवशी कोरा परत गेला.

मी पुढच्या सोमवारपासून पुन्हा पहिला सोमवार धरला. आत्याबाईंचा नियम तो. ती खेप संपली आणि अकराव्या सोमवारी आम्ही दोघं देवरुखला घरी पोचलो. उरलेले पाच मी तिथंच केले. देवानं आधीच दिलं म्हणून आपण अर्धवट सोडायचं नसतं. त्या पाचही दिवशी हे सकाळी उठून म्हणायचे, "वा, सोमवार! आज मला सगळं ऐकू येणार."

तेव्हापासूनचा माझा नेम वेगळा आहे. रोज सकाळी यांच्यासमोर बसून मोठ्यानं पोथी वाचायची. पहिले काही महिने घसा बसायचा, लाजही वाटायची. अलीकडे शेजारी नवीन सून आली तिनं सासूला विचारलं म्हणे, "पावसकर आजी-आजोबा रोज सकाळी भांडतात का हो?" आत्याबाई असत्या तर त्यांनी मला माजघरात कोंडलं असतं.

यांना यंत्र मिळालं ते घरी आल्यावर दोन महिन्यांनी. रत्नागिरीहून कानात घालून आले आणि दिवसभर नुसते घरात हिंडत होते. नळाचा आवाज, घड्याळाचा आवाज, माझ्या बांगड्यांचा आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातून, सवयीनं, अगदी हळू आवाजात विचारलं, "अहो, आज कारलं करू का?"

बाहेर जरा वेळ काही नाही. मग आवाज आला.

"नाही गं. कारलं नको. मला ते कधीच आवडलं नाही."

मी हातातलं कारलं खाली ठेवलं, हात धुतले आणि देवापुढे साखर ठेवली.